सावलीतलं तेल

थांब, झाकण उघडू नकोस.
आधी ती झडप ओढून घे. या वेळी समुद्रावरचं ऊन
उड्या मारत गल्ल्यापर्यंत येतं
आणि या बाटलीचं नि उन्हाचं पटत नाही.

नुन्त्सियाची धाकटी ना तू? नाकावरून ओळखलं.
बस. लग्नासाठी हवंय म्हणतेस.
चेहऱ्याला, मानेला. बरं.

बेर्गामोत्तो म्हणजे काय ते तुला काय सांगायचं,
त्याच्याच झाडांखाली वाढलीस तू.
रंग लिंबाचा, अंगकाठी संत्र्याची,
आणि चाखलं तर दोघांशीही नातं तोडणारं.
सावेरिओची आई साल स्पंजवर दाबायची,
मनगट एकदाच फिरवायची,
मग स्पंज पिळायची मातीच्या वाडग्यात.
दोनशे किलो फळांमागे किलोभर हिरवं तेल.
काम रात्री दोनला सुरू, उजाडलं की बंद.
बायका हात धुऊन, बाह्या पार बोटांपर्यंत ओढून घरी जायच्या.
का, ते कुणी सांगितलं नाही.
मला वाटायचं, थंडी वाजते.

गुण आहे त्याला. नाही कशाला म्हणू?
तेलकट कपाळ जरा ताळ्यावर येतं.
हनुवटीवरची पुळी एक-दोन रात्रींत नमते,
कधी नमतही नाही.
आणि वास असा, की भांडून आलेलं माणूस
दारात क्षणभर भांडण विसरतं.
याहून जास्त सांगणारा दुकानदार
चौकापलीकडे बसतो. त्याच्याकडे जा.

पण नुसतं लावायचं नाही. कधीच.
तीन चमचे ऑलिव्हचं तेल, त्यात याचा एक थेंब.
एक म्हणजे एक. हात सैल सोडलास की दोन होतात.
आधी कोपराच्या आतल्या बाजूला, आणि दिवसभर वाट बघायची.
खाज, लाली, काही आलं, तर बाटली मला परत.
डोळ्यांपासून लांब. तान्ह्या पोरांपासून त्याहून लांब.
लावायचं ते रात्री,
आणि दुसऱ्या दिवशीही तेवढा भाग झाकून फिरायचं.

हसतेस?

मी सतरा वर्षांची होते. मार्च सरत आलेला,
हंगामाचा शेवटचा दिवस.
वाडग्याच्या काठावरचं तेल बोटानं निपटलं
आणि उजव्या कानाखाली लावलं,
कारण सावेरिओनं होडीतून न्यायचं कबूल केलं होतं.
दुपारभर समुद्र. तो वल्हं मारतोय
आणि मी मान उंच करून बसलेय,
वास त्याच्यापर्यंत पोचावा म्हणून.

दोन दिवसांनी मान पेटली.
थेंब जिथून ओघळला होता, त्याच वाटेनं फोड आले.
फोड बसले, डाग राहिला, तपकिरी,
कुणी कॉफी सांडावी आणि पुसायला विसरावं तसा.
आई म्हणाली, काय दिवे लावलेस?
डॉक्टर म्हणाला, तेल आणि ऊन, एकेकटं आलं असतं तर चाललं असतं.
त्यानं त्याला एक लांबलचक नावही सांगितलं, मी विसरले.
बाह्या का ओढायच्या, ते मात्र कळलं.

सहा वर्षं होता तो डाग. लग्नाच्या फोटोत मी
डावा गाल पुढे करून उभी आहे. ती बघ, भिंतीवर.

तुझं लग्न जूनमध्ये. भर बाराला
चर्चच्या पायऱ्यांवर फोटो.
मग ही नको. ही दुसरी घे,
यातलं उन्हात जाळणारं काढून टाकलंय.
लेबलवर तसं छापलेलं असेल तरच घ्यायची,
कुणी तोंडी सांगितलं तर नाही. थेंब यातलाही एकच.
वास जरा पोरका आहे. असू दे.
खराच वास हवा, तर रुमालाला लाव.

माझा डाग कधीच गेला. हे बघ, काही नाही.
पण सावेरिओ, अगदी शेवटी,
माझं नावसुद्धा त्याला शोधावं लागायचं तेव्हा,
बोट आणून इथेच टेकवायचा, कानाखाली,
अचूक.

चल, कोपर कर पुढे.
उद्या याच वेळी ये. पैसेही उद्याच.
आणि जाताना ती झडप उघडू नकोस, राहू दे तशीच.