वजनाचं कार्ड

फाइलीत लिहिलंय : वय अंदाजे वीस.
अंदाज कुणाचा, ते लिहिलेलं नाही.
चौदा वर्षांपूर्वी मुलांजेच्या ठाण्यात कुणा कारकुनानं
वायसोनच्या ओठावरची लव बघितली असेल,
किंवा त्याला जेवायला जायची घाई असेल.
त्या आकड्यावर पुढे फाशी उभी राहिली.

मिसेस कालुवा म्हणाल्या, तेव्हा तो अठराच्या आत होता
एवढं कागदावर आण. बाकी मी बघते.
बाकी म्हणजे न्यायाधीश.
मला काळा कोट नाही. मी मोटरसायकल चालवतो,
लोकांच्या अंगणात बसतो,
विचारतो.

वायसोनच्या आईला विचारलं, कधीचा हा?
म्हणाली, मोझांबिकची माणसं डोक्यावर खाटा घेऊन
रुओ नदी उतरून आली, त्या साली.
महिना?
तूर काढून झाली होती.
तुऱ्हाट्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या.
तुऱ्हाट्या कोर्टात चालत नाहीत.

चर्चची वही वाळवीनं आधीच वाचून टाकलेली.
शाळेचे म्हातारे मुख्याध्यापक म्हणाले,
आम्ही कुठे तारखा बघायचो?
उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचला
की सहावं लागलं.
दोघांचे हात एकाच सकाळी पोचले होते, म्हणाले.
दोघांचे?
ग्रेशमचाही.

फाइलीत त्याला मयत म्हणतात.
पिठाच्या गिरणीमागे, जूनमध्ये, धुक्याच्या झिमझिमीत,
सायकलच्या एका ट्यूबवरून.

त्या घरावरून मी तीनदा पुढे गेलो.
चौथ्यांदा गाडी आपोआप बंद पडली, असं म्हणू या.

नाम्वाले शेंगा सोलत होती.
बस म्हणाली नाही.
तिच्या मुलासाठी माझ्याकडे आलास?
हो, म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.
बराच वेळ शेंगांचाच आवाज.
मग ती आत गेली, आणि मला वाटलं, संपलं.

साखरेच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं
दवाखान्याचं कार्ड : जन्म ३ ऑगस्ट.
महिन्यामहिन्याला एक टिंब, वजनाचं.
टिंबं वर चढतात, गोवरात जरा खाली येतात,
पुन्हा चढतात, आणि तीन वर्षांवर थांबतात.
नंतर नेलंच नाही, म्हणाली, धडधाकट होता.

हा आधीचा. तिचा दोन आठवड्यांनी.
मी ओली बाळंतीण, तरी उठून गेले.
नाळ मीच कापली त्याची.
लिही.
आणि मी माफ केलेलं नाही, तेही लिही.

शपथपत्रात त्याला जागा नव्हती.
समासात लिहिलं, तिचा अंगठा घेतला.
बोटांवर मोजलं : सतरा वर्षं, दहा महिने.
मग लक्षात आलं, ग्रेशमही सतराचाच गेला.
चौदा वर्षांत, दोन्ही बाजूंच्या कागदांत,
हे कुणी मोजलंच नव्हतं.

मी कार्डाचा फोटो काढत होतो
आणि ती शेवटच्या टिंबावर बोट ठेवून.
आता किती भरतो तो?

मला कळायला वेळ लागला की ती वायसोनचं विचारतेय.
आकडा माझ्याजवळ होता.
झोम्बाच्या तुरुंगात काट्यावर उभं करतात,
नोंद ठेवतात.
दोर किती सोडायचा ते वजनावर ठरतं,
हे तिला ठाऊक नसावं.
मी सांगितलं नाही.

बावन्न, म्हणालो.

कमी आहे, ती म्हणाली,
आणि पुढची शेंग हातात घेतली.