थापा मोजताना

सिल्व्हरटनहून निघालो तेव्हा बेकरीतला दिवाही लागला नव्हता.
आता नऊ वाजलेत,
आणि समोरच्या ईशान्य उतारावरचं
रात्री कधीतरी सगळं निसटलंय.

वेंडेल दुर्बीण देतो. बोलत नाही.
वर तुटल्याची रेघ, सुरीनं वडी कापावी तशी सरळ,
मग एका खडकापाशी वाकडी.
खाली ढिगाऱ्यात मोडलेले स्प्रूस,
फांद्या अजून हिरव्या.

वहीत लिहिते:
उंची अकरा हजार आठशे फूट. उतार अडतीस अंश.
जाडी माझ्या कमरेइतकी, अंदाजे.
आकार दोन की तीन?
"गाडी गाडली गेली असती?" वेंडेल विचारतो.
असती.
तीन लिहिते.
कारण: नैसर्गिक.
म्हणजे कुणाचा पाय नाही, स्की नाही,
हरणाचा खूरसुद्धा नाही.
रात्रभर वारा,
आणि ऑक्टोबरपासून मनात धरलेलं काहीतरी.

त्याच दिशेचा, पण आखूड, गरीब उतार शोधून
आम्ही खड्डा खणतो.
भिंत ब्रशनं झाडते. थर वर येतात:
परवाचं वादळ, खाली उन्हाचा पापुद्रा,
त्याखाली कोरडी गेलेली जानेवारी,
आणि तळाशी तो, ऑक्टोबर.
चिमटीतून जाड रव्यासारखा ओघळतो.
त्याचा लाडू वळत नाही.

करवतीनं खांब सुटा करते, वर फावडं आडवं.
मनगटातून दहा थापा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा.
मोजते मराठीत;
बोटं गारठली की मला दुसरे आकडे आठवत नाहीत.
वेंडेलही मोजतो.
पाच हिवाळ्यांत त्याला चौदापर्यंत येतं.
पुढचं कधी लागलंच नाही,
खांब आधीच मोडतो.

एक, दोन, तीन,
चार—
आणि वरचा अख्खा ठोकळा
ड्रॉवर सरकावा तसा माझ्या मांडीवर.

काही वेळ आम्ही दोघंही त्याच्याकडे बघतो.
ऊन छान पडलंय. आभाळात एक रेघ नाही.
अशाच दिवशी माणसं डबा भरून निघतात.

रेडिओवर मी दिशा सांगते, उंची सांगते,
"चार" सांगते इंग्रजीत,
आणि ते एकदम किरकोळ वाटतं.

उतरतो दाट झाडीतून, एकेक जण, अंतर ठेवून.
मागून वेंडेलची हाक:
पंधराला काय म्हणतात?

एप्रिलमध्ये सांगेन, मी म्हणते.