कारण

ग्रामपंचायतीच्या ठरावातून बारा सायकली आल्या,
हिरव्या, घंट्यांसकट.
किल्ली माझ्याकडे, वहीही माझ्याकडेच.
पट्टीनं मी रकाने आखले:
दिनांक, नाव, सायकल क्रमांक, परतीची वेळ,
आणि काठाला थोडी जागा उरली म्हणून
कारण.

पहिला आठवडा कोणी फिरकलं नाही.
पांढऱ्या पट्ट्याचा सायकल मार्ग
शाळेपासून निघायचा, नाल्यापाशी संपायचा,
आणि मधल्या सगळ्या लांबीवर
येरण्यांचं सोयाबीन वाळत पडलेलं.
ग्रामसेवक म्हणाले, पंचनामा करू.
सोयाबीन वाळलं, पोत्यात गेलं.
पंचनामा राहिला.

मग अकरावीतली प्रणोती उईके आली.
कारण: यष्टी गेली.
रज्जाक मिस्त्री: पाना आणाले.
आशाताई गोंडाणे: दोन बाळंतिणी, एक टीबी, एक भांडण.
एका पोरानं 'अर्जंट' लिहिलं
आणि दिवेलागणीला परतला, खिसाभर बोरं घेऊन.
दिवाळीपर्यंत बाभळीच्या काट्यांचे
एकोणीस पंक्चर.
त्यांच्यासाठी वेगळं पान.

वेणूबाई खंडाते शाळेत खिचडी शिजवते.
दर गुरुवारी, भांडी घासून झाली की,
ओल्या हातानंच सात नंबर मागते.
वीस मिनिटांत परत,
लुगड्याच्या काठाला चेनचं काळं.
"कारण काय लिहू, वेणूबाई?"
"लिव ना बाप्पा, असंच."
मी लिहिलं, असंच.
तेरा गुरुवार, तेरा वेळा, माझ्याच अक्षरात.

मार्चमध्ये लेखापरीक्षक आले.
चहा बशीत ओतला, बोट ओळीवर ठेवलं.
"'असंच' हे कारण होत नाही."
आक्षेप क्रमांक चार:
विनाकारण वापर, दर खेपेस पाच रुपये,
वसुली पासष्ट.

गुरुवारी तिला सांगितलं.
ती पदराला हात पुसत उभी राहिली,
मग नाल्याच्या बाजूला बघून म्हणाली,
"थो उतार हाये ना,
तेथून पायडल माराच लागत नाही.
गाडी आपल्या मनानं जाते,
अन् आपन नुसतं बसून राहाचं.
त्याले काय म्हनतेत ते मले येत नाही.
तू शिकेल हायेस, तूच सांग."

मी बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत बसलो.
पासष्टची पावती माझ्या नावानं फाडली.

ठरावात हेही आहे, की सोमवारी
कर्मचाऱ्यांनी सायकलनंच यावं.
मी मोटारसायकल कडुनिंबामागं लावतो,
सगळ्यांना ठाऊक आहे.

या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत
सात नंबर मोकळी होती.
ऊन एवढं, की डांबर टायरला धरत होतं.
उताराशी पाय थांबवले.

परत आलो. वही उघडली.
नाव लिहिलं, वेळ लिहिली.
शेवटच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात:
रस्त्याची पाहणी.