तळमजला

मोन्तेविदेओत एकतीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या.
इथे, पुंता बुतियात,
एकाही घराला दुसरा मजला नाही.
दीपगृह तेवढं उंच. त्याला जिना आहे,
आणि किल्ली कुणाकडे असते यावर
गावात दोन मतं आहेत.

मार्चच्या शेवटी आलो.
उन्हाळ्याचे पाहुणे परतत होते,
आइस्क्रीमवाला उरलेलं पिस्त्याचं
कुत्र्यांना वाटून टाकत होता.
बसमध्ये चढायला झुंबड,
उतरणारा मी एकटा,
हातात हत्यारांची पेटी,
जणू कुणीतरी तक्रार नोंदवली होती.

पहिले कित्येक आठवडे
पाच चाळीसला डोळे उघडायचे.
दाढी करून, बूट घालून
खाटेच्या काठावर बसून राहायचो.
मग झाडायचो.
उंबऱ्यावरची वाळू, चादरीतली वाळू,
साखरेच्या डब्यातली, कशी गेली कोण जाणे.
शेजारची नेलिदा कुंपणाशी उभी,
यर्बाचा कडू काढा नळीनं ओढत.
"आधीचा भाडेकरूही असाच झाडायचा."
मग?
"मग काही नाही. दोन हिवाळे झाडला."

हार्डवेअरच्या दुकानावर पाटी: आत्ता येतो.
मला हवे होते चार स्क्रू.
पहिल्या दिवशी तासभर थांबलो.
दुसऱ्या दिवशी दाराखालून चिठ्ठी सरकवली,
जरा कडक भाषेत.
तिसऱ्या दिवशी दुकानदार, दार्विन त्याचं नाव,
तीच चिठ्ठी घेऊन घरी आला,
माझ्या अक्षराचं कौतुक केलं,
जेवून गेला.
स्क्रू आणायचे विसरला.
खिडकी अजून दोरीनंच बांधलेली आहे.

ऑगस्टात आग्नेयेचा वारा सुटला.
तीन दिवस, तीन रात्री.
समुद्र नेलिदाच्या खुराड्यापर्यंत आला
आणि काहीतरी आठवल्यासारखा मागे फिरला.
होड्या वर ओढायचा एल्बिओचा रहाट
ऐन भरतीत अडला.
मला कुणी बोलावलं नव्हतं.
मी पेटी उचलून गेलो.
पोलादी दोर, कप्पी, दात झिजलेलं चाक.
कंदील विझला तरी हातांना ओळख पटली.
आयुष्यभर माणसं वर नेली,
होडी पहिल्यांदाच.
तीस पावलं ओल्या वाळूवरून,
म्हणजे उंचीनं जेमतेम अर्धा मजला.

एल्बिओनं आभार मानले नाहीत.
सकाळी दाराशी बादली,
बादलीत वळलेला एक मासा,
हातभर लांब, एक डोळा माझ्याकडे.
तो कापायचा कसा हे विचारायला
तीन घरं हिंडलो.
तिन्ही घरांच्या तीन तऱ्हा,
तिन्ही ठिकाणी आधी बस म्हणाले,
आणि चौथ्या घरी, जिथे विचारलंच नव्हतं,
तिथे तो शिजला.

रविवारी रोमिनाचा फोन येतो.
"बाबा, करमतं का?"
सुरुवातीला मी हो म्हणायचो,
तेव्हा ते खोटं होतं.
आता हो म्हणायला तोंडच उघडत नाही,
दुसरंच काहीतरी बाहेर पडतं.
सांगतो, मिठात तांदळाचे चार दाणे टाकावेत,
मग ते ओलं होऊन बसत नाही.
सांगतो, बूट कुठे ठेवलेत ते सापडत नाहीयेत.
सांगतो, काळी कोंबडी वाऱ्यापासून अंडी देत नव्हती,
परवा एक दिलं.
ती म्हणते, मी हे विचारलं नव्हतं.
हो का, म्हणतो मी.
मग दोघंही थोडा वेळ गप्प,
आणि फोन कुणीच ठेवत नाही.

कधी कधी रात्री तेच स्वप्न.
सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये लिफ्ट अडकलेली,
आत कुणीतरी घंटा दाबतंय,
दाबतंय, दाबतच राहिलंय.
आत्ता येतो, म्हणतो मी,
आणि कूस बदलतो.