उण्णे

कणकुंबीच्या वरच्या अंगाला, धुकं अजून काजूच्या पानांवर,
आणि मी, एम.डी.च्या दुसऱ्या वर्षाचा,
लहान पोरानं पांघरूण फरफटत न्यावं तसा
लोकरीचं पांढरं फ्लॅनेल पाचोळ्यावरून ओढत चाललेला.

दर दहा पावलांनी थांबायचं. कापड उलटायचं.
तिळाहून बारीक काही पाय हलवताना दिसलं
की चिमट्यानं कुपीत.
कुपीवर तारीख, झाड, उतार, वेळ.
अंगडी मॅडम म्हणतात, अक्षर सुधार.
तुझ्या 'त'चा 'न' झाला
तर ताडमाळाची साथ नाडमाळावर निघेल,
आणि नाडमाळ नकाशात नाही.

साडेनऊची जीप. चोर्ल्याच्या रस्त्यानं बेळगाव.
खाट अकरा : लुमाण्णा गावडे, वय एकावन्न,
काजू वेचता वेचता आडवा झालेला,
सहावा दिवस, हिरड्यांतून रक्त,
डोळे बोंडासारखे लाल.
माकडतापावर नेमकं औषध नाही.
सलाईन, प्लेटलेट, आणि आपण जागं राहणं.

पहिल्या वर्षी वाटायचं, वॉर्ड हाच धर्म.
ज्यांना माणसं नकोशी होतात
ते नळ्यांकडे वळतात.
मॅडमनी वाद घातला नाही.
एका रात्री तीन वाजता नुसतं विचारलं :
गेल्या साली हाच ताप, नऊजण.
रक्त कितव्या दिवशी सुटलं, कुणी लिहिलंय?
मी कार्डं उपसली.
नऊ वेळा तीच ओळ : ताप, उपचार केले, बरा.
त्यातले दोघे पंधरवड्यानं परत आलेले,
दुसऱ्याच वॉर्डात, हात कापत, बोलणं तुटत.
दोन कागद एकमेकांना कधी भेटलेच नव्हते.

म्हणून आता एक नळी जास्तीची.
संमतीपत्र तीन भाषांत,
लुमाण्णाला तिन्ही वाचता येत नाहीत.
मी स्टूल ओढून सांगतो.
"ह्या रक्तानं मी बरा होणार काय?"
नाही.
"मग कोण?"
माहीत नाही. पुढच्या साली कोणीतरी. कदाचित.
नको म्हटलंत तरी सलाईन तेच, मीही तोच.

तो पंख्याकडे बघत राहतो.
"औषध देऊलास की हिशेब लिहूलास?"
दोन्ही.
"मग दोन्हीचा पगार घे की."
अंगठा उठवतो. शाई मी पुसतो.
नाव नाही लिहायचं, आकडा.
चौदा.

ड्रेसिंगवाला निंगाप्पा माझी पिशवी हुंगून हसतो :
आमच्यात लोकरीला उण्णे म्हणतात, डॉक्टर,
आणि गोचिडालाही उण्णे.
उण्णेनं उण्णे धरायला निघालाय तुम्ही.
हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.
वहीच्या समासात टिपून ठेवलं,
कशासाठी, ते नाही ठाऊक.

एकविसाव्या दिवशी या, असं सगळ्यांनाच सांगतो.
चौदा आला. एसटी बदलून, काही होत नसताना.
हात पुढे धरा म्हटलं. धरले.
मी घड्याळ लावून बघत राहिलो
ती भेगाळलेली, काजूच्या तेलानं काळी पडलेली बोटं.
कंप नाही, असं रकान्यात लिहिलं.
एवढा वेळ कुणाच्या हातांकडे
मी कधी बघितलं नव्हतं.
"वाडीत आता मला चौदाच म्हणतात," तो म्हणाला,
"आणि तुम्ही कापड ओढताय ते उताराला.
माकडं पडलेली ओढ्याकडे, वाकड्या जांभळीखाली.
मला कुणी विचारलंच नाही."

आज त्याच्या मागून ओढ्याकडे.
कापड दवानं जड. अजून काही नाही,
काही नाही, हेही लिहायचं असतं.
"थांब."
तो वाकतो, माझ्या मोज्याच्या काठाशी बोट नेतो,
लावत नाही.
"कुपी काढ की."

जागा : डॉक्टरचा डावा घोटा.
तारीख.
'त' नीट काढतो.