भाव

गुडघा बदलला, तशी पडवीत
चाकं नसलेली सायकल आली.
चोगल्यांची विशाखा म्हणाली, रोज वीस मिनिटं.
समोर मोबाईल, लोणच्याच्या बरणीला टेकवून.

हर्णैच्या बंदरावर तीस वर्षं लिलाव पुकारला,
आता सिनेमे पुकारते.
कालचा: सुरुवातीला सुरमई,
मध्यंतरानंतर कुटीत टाकायच्या लायकीचा.
परवाचा नुसता बर्फ, तळाशी चार बांगडे.
हिरो मेला तेव्हा
त्याच्यापेक्षा मलाच जास्त धाप.

आज पडद्यावर एक म्हातारी,
बोलत नव्हती, जाळं सांधत होती.
गाठ चुकत होती, हात मात्र खरे.
वीस झाली. पंचवीस.
पाय कधी थांबले कळलं नाही.

विशाखाच्या वहीत मिनिटं लिहिली.
भाव पुकारला नाही.
हा वाटा घरी ठेवला.