हजारी बारा पैसे

यंदा दराबरोबर कारणही आलं.
तीस वर्षं मी कापसाच्या गंजींचे विमे उतरवतोय,
दर यायचा तसा घ्यायचो;
बाजार समितीच्या भोंग्याला
कुणी विचारतं का, का वाजलास?

आता म्हणे नियम झालाय:
कंपनीनं आकडा सांगायचा
तर आकड्याचं गोत्रही सांगायचं.
हैदराबादच्या कचेरीत ते तपासतात.
(आजोबांचे अर्जही हैदराबादलाच जायचे, उर्दूत.
उत्तर आल्याचं घरात कुणाला आठवत नाही.)

सतरा पानं. चष्मा पुसून वाचली.
मानवत: उन्हाळ्यात पारा बेचाळिसाच्या वर.
बंब परभणीहून, वाटेत रेल्वे फाटक.
सरकी, रुईची धूळ, जुनी वायरिंग.
सगळं खरं.
आमच्या गावाकडं इतकं टक लावून
आजवर सोयऱ्यांनीसुद्धा बघितलं नव्हतं.

अकराव्या पानावर: मोठ्या आगी, दोन.
एक मानवत, एक पाथरी.
तारीख तीच.
क्विंटलही तेच, दोन हजार एकशे चाळीस.

बालाप्रसादजींचं गोदाम इथं,
पॉलिसी पाथरीच्या भावाच्या पत्त्यावर.
एका आगीला दोन तालुके मिळाले,
आणि त्या जुळीचा हप्ता
अख्खं गाव सात हंगाम भरत राहिलं.
माझंही कमिशन त्यातच होतं, लपवत नाही.

हरकत लिहिली. नियमात तेवढी जागा होती.
साक्षीला हुसेन दस्तगीर, तेव्हाचा वॉचमन.
अंगठा देणार नाही म्हणाला, सही केली,
सावकाश, एकेक अक्षर ओढत.
त्या रात्रीपासून बोटं मिटत नाहीत त्याची.
त्याला रकाना नव्हता.
मी सतराही पानं उलटून पाहिली.

चार महिन्यांनी उत्तर.
सही कुणा व्ही. कनकदुर्गा बाईंची:
हरकत ग्राह्य. एक आग वगळावी.
दर हजारी बारा पैशांनी कमी करावा.

बारा पैसे! जिनिंगवाले हसले.
बालाप्रसादजींनी तेवढा कॅल्क्युलेटर काढला,
शून्यं मोजली,
आणि सगळ्यांना चहा सांगितला.

संध्याकाळी कागद घेऊन हुसेनकडं गेलो.
नातवाच्या सायकल दुकानात बसलेला,
समोर पाण्याची घमेली.
मी वाचून दाखवलं, दोनदा.

"म्हंजे सरकारनं मानलं," तो म्हणाला,
"का एकदाच जळालं?"
हो, म्हटलं. हा बघ शिक्का.

शिक्क्यावर त्यानं कडक बोट ठेवलं, उचललं,
शाई लागली का बघितलं.
मग ट्यूब पाण्यात दाबून
बुडबुडा कुठून येतो ते शोधत राहिला.

"बाईंना कळवू नका," तो म्हणाला,
"पण आठ-पंधरा दिवसाला
मला अजून उठावं लागतंय,
घंटा वाजवायला."